झाडापासून सलाईनपर्यंतची तीस वर्षं

आत्याच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर केमो सुरू होती. दर पंधरा दिवसांनी मी तिच्यासोबत डे-केअरला जायचो. एकदा नात्यातले एक काका भेटायला आले आणि त्यांनी पिशवीतून एक चकचकीत पुडा काढला. वर चिनी अक्षरं, आत हिरवट-तपकिरी पूड. हजारो वर्षांची चिनी वनौषधी आहे, गाठी विरघळवते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते आत्याला कळकळीने म्हणाले, "अगं, हे निसर्गातलं आहे. हे घे आणि ते विष बंद कर."

त्या वेळी आत्याच्या हातातल्या सुईतून थेंब थेंब जात होतं ते इरिनोटेकॅन. हे औषध एका चिनी झाडापासून आलं आहे. काका ज्याला विष म्हणत होते आणि ज्याला निसर्ग म्हणत होते, त्या दोन्ही गोष्टी एकाच मुळापर्यंत पोहोचत होत्या. फरक होता तो मधल्या तीस वर्षांचा. माझं म्हणणं एवढंच आहे की ती तीस वर्षं हेच खरं औषध आहे. झाड म्हणजे त्याची फक्त सुरुवात.

दक्षिण चीनमध्ये 'शी-शू' नावाचं उंच, सरळ वाढणारं झाड आहे. नावाचा अर्थ आनंदाचं झाड. शास्त्रीय नाव कॅम्प्टोथेका अ‍ॅक्युमिनाटा. तिथल्या लोकवैद्यकात त्याचा वापर होत असे, पण त्यातलं कर्करोगावरचं द्रव्य काही कुणा वैद्याच्या पोथीतून सापडलं नाही. मनरो वॉल हे अमेरिकेच्या कृषी खात्यातले रसायनतज्ज्ञ वेगळ्याच कामावर होते. कॉर्टिझोन हे सूज उतरवणारं औषध बनवायला कच्चा माल देऊ शकतील अशा वनस्पती ते शोधत होते. त्यांच्याकडच्या शेकडो वनस्पतींचे अर्क १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे तपासणीसाठी गेले. त्यातल्या शी-शूच्या अर्काने उंदरांमधल्या रक्ताच्या कर्करोगाला चांगलाच आळा घातला. पुढे वॉल नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि १९६२ मध्ये तिथे त्यांना एक सहकारी मिळाला, मनसुख वाणी.

वाणी आपल्या नंदुरबारचे. जन्म १९२५ चा. रसायनशास्त्राचं शिक्षण मुंबई विद्यापीठात, डॉक्टरेट अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात. वॉल आणि वाणी यांनी १९६६ मध्ये शी-शूतल्या क्रियाशील रेणूची रचना जगापुढे मांडली आणि त्याचं नाव ठेवलं कॅम्प्टोथेसिन. याच जोडीने १९७१ मध्ये टॅक्सॉलचीही रचना प्रसिद्ध केली. आज स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगावर जगभर दिलं जातं ते हेच टॅक्सॉल. वाणी २०२० मध्ये वारले. खानदेशातून गेलेल्या या माणसाचं नाव आपल्याकडे शाळकरी मुलांना ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एकाच जोडीच्या हातून आधुनिक केमोथेरपीच्या दोन मोठ्या शाखांना जन्म मिळावा, ही साधी गोष्ट नव्हे.

हा रेणू पेशीत नेमकं काय करतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. आपल्या पेशीतला डीएनए दोन धाग्यांच्या पीळ घातलेल्या दोरीसारखा असतो. पेशीचे दोन होताना या दोरीची नक्कल काढावी लागते, त्यासाठी दोन्ही धागे वेगळे करावे लागतात. दोरी एका टोकाने उकलायला लागलो की पुढच्या भागात पीळ आणखी घट्ट बसत जातो, हे कुणीही करून पाहावं. पेशीत हा ताण सोडवायला एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, टोपोआयसोमरेज-१. ते दोनपैकी एक धागा कापतं, पीळ सैल होऊ देतं आणि लगेच तो धागा पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या फटीत जाऊन बसतं आणि सांधा जुळू देत नाही. नक्कल काढणारी यंत्रणा मागून येऊन त्या जागी आदळते, दुसराही धागा तुटतो आणि पेशी मरते. ज्या पेशी सतत विभागत असतात त्यांना हा तडाखा सर्वांत जास्त. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जाही तशाच असतात. आत्याला तिसऱ्या दिवशी जुलाब का व्हायचे, त्याचं बरंचसं उत्तर यात आहे.

झाड हा रेणू बनवतं ते माणसासाठी नव्हे. तो विषारी आहे, मग झाड स्वतः कसं वाचतं? जपानी संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींनी स्वतःच्या टोपोआयसोमरेजमध्ये बारीक बदल करून घेतला आहे. या औषधाला दाद न देणाऱ्या माणसाच्या काही कर्करोगपेशींतही अगदी तोच बदल पूर्वीच सापडला होता. म्हणजे ज्या युक्तीने झाड वाचतं त्याच युक्तीने गाठही वाचते. 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' असं मानणाऱ्याने या एका गोष्टीवर शांतपणे विचार करावा.

आता ती तीस वर्षं. १९६६ मध्ये रेणू हाती आला, पण तो पाण्यात विरघळेना. मग त्याच्यातलं एक कडं उघडून सोडियमचा क्षार केला. तो विरघळला आणि रुग्णांना दिला गेला. परिणाम वाईट झाले. कडं उघडल्यावर रेणूचा जोर जातो. मात्र लघवी आम्लधर्मी असल्याने मूत्राशयात गेल्यावर ते कडं पुन्हा मिटतं, म्हणजे औषध नको तिथे जागं होतं. रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं, रक्तपेशी घसरल्या. १९७२ च्या सुमारास चाचण्या थांबल्या आणि हा रेणू कपाटात गेला. १९८५ मध्ये त्याचं लक्ष्य टोपोआयसोमरेज-१ आहे हे कळलं, तेव्हा त्यात पुन्हा जीव आला. तोवर जपानमध्ये याकुल्ट या कंपनीने, हो, आंबवलेल्या दुधाच्या छोट्या बाटल्या विकणाऱ्या याकुल्टनेच, पाण्यात विरघळणारं आणि शरीरात गेल्यावर क्रियाशील होणारं रूप बनवलं होतं. तेच इरिनोटेकॅन. जपानमध्ये १९९४ ला आणि अमेरिकेत १९९६ ला त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी त्याचं भावंड टोपोटेकॅन आलं. अलीकडे याच कुळातला रेणू प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) जोडून थेट गाठीपर्यंत नेतात. स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन तसं बनलं आहे.

मात्रा ठरवणं ही तर वेगळीच कसरत. यकृतातलं एक विकर या औषधाचा निचरा करतं. काही माणसांत ते जन्मतःच मंद असतं, आणि त्यांना नेहमीची मात्राही जड जाऊ शकते. हे पुड्यावर लिहिलेलं नसतं, कारण पुड्याला ते ठाऊकच नसतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो. चिनी वैद्यकाची हजारो वर्षांची परंपरा आहे, आपल्या आयुर्वेदाची आहे, तो अनुभव काय फुकट गेला? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधलं तेव्हा त्यांना वाट दाखवली ती चौथ्या शतकातल्या गे हाँग यांच्या ग्रंथातल्या एका ओळीने. वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यावा असं त्यात होतं, उकळायचा उल्लेख नव्हता. ते वाचून त्यांनी उष्णता टाळली, कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला आणि तो लागू पडला. २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं ते योग्यच होतं.

पण ताप आणि कर्करोग यांत फरक आहे. ताप चार दिवसांत उतरतो किंवा उतरत नाही. जुलाब थांबतात किंवा थांबत नाहीत. वैद्याला, रुग्णाला, घरच्यांना ते डोळ्यांनी दिसतं. पिढ्यान् पिढ्या असं बघून बघून माणसं खूप काही अचूक शिकली. कोकणात जुलाबावर कुड्याची साल वापरतात, ते असंच आलेलं शहाणपण. जे परिणाम पोटात खोल, वर्षांनंतर आणि दहातल्या दोघांनाच दिसतात, ते मात्र नुसत्या अनुभवाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. आनंदाचं झाड चीनमध्ये शतकानुशतकं उभं होतं. त्याच रेणूचं आणखी एक झाड आपल्या सह्याद्रीत उभं होतं. त्याच्यात हे आहे असं कुणालाही कळलं नाही. यात परंपरेचा अपमान नाही. तिच्याकडे त्यासाठी लागणारं साधनच नव्हतं.

याच आंधळ्या कोपऱ्यात एक भयंकर उदाहरण आहे. अ‍ॅरिस्टोलोकिया या कुळातल्या वनस्पती चिनी वैद्यकात आणि युरोपातही फार जुन्या काळापासून औषध म्हणून दिल्या गेल्या. आपल्या आयुर्वेदातली ईश्वरी त्याच कुळातली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी चुकून या कुळातली वनस्पती गेली. शंभराहून अधिक जणांची, बहुतेक बायकांचीच, मूत्रपिंडं निकामी झाली. पुढे त्यांच्यापैकी ३९ जणांची निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढल्या, तेव्हा १८ जणांत कर्करोग आढळला. २००० मध्ये हे प्रसिद्ध झालं. या वनस्पतीतलं आम्ल डीएनएवर स्वतःची विशिष्ट खूण उमटवतं. २०१७ मध्ये तैवानमधल्या यकृताच्या कर्करोगाच्या ९८ गाठी तपासल्या, त्यातल्या ७८ टक्के गाठींत ती खूण होती. शेकडो वर्षं जी मुळी विश्वासाने दिली जात होती, ती वीस वर्षांनंतर कर्करोग देत होती आणि देणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. त्या वैद्यांना मी दोष देणार नाही. आज हे माहीत असूनही 'हजारो वर्षांचा अनुभव' एवढ्या एका दाखल्यावर पुडा विकणाऱ्याला मात्र जरूर देईन.

परंपरेची परीक्षा नीट घेतली की काय हाती येतं, याचा सर्वांत सुंदर दाखला हार्बिनचा आहे. ईशान्य चीनमधल्या या थंड शहरात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चांग थिंगतुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कानावर एका खेड्यातल्या उपायाची ख्याती आली. गळ्यातल्या गाठींवर तिथला वैद्य तीन गोष्टींचं मिश्रण वापरी: सोमल, पाऱ्याचा क्षार आणि बेडकाच्या त्वचेतलं विष. ही वनस्पती नव्हे हे खरं, पण औषधांचं कपाट तेच. आयुर्वेदातल्या रसशास्त्रातही, म्हणजे धातू-खनिजांच्या औषधांच्या शाखेतही, सोमल, हरताळ, मनःशिळा ही आर्सेनिकची रूपं आहेतच. हार्बिनच्या डॉक्टरांनी त्याचं इंजेक्शन बनवलं, रुग्णांना दिलं आणि मग एक एक घटक वगळून पाहिला. पाऱ्याने मूत्रपिंडाला त्रास होत होता, बेडकाच्या विषाने रक्तदाब वाढत होता. गुण होता तो एकट्या सोमलात, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइडमध्ये, आणि तो सर्व कर्करोगांवर नव्हता. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारावर, अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियावर, तो विलक्षण होता.

पुढे शांघायच्या चेन चू आणि सहकाऱ्यांनी त्याची रीत उलगडली. या आजारात १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक विचित्र जोडप्रथिन तयार होतं आणि ते पेशीला प्रौढ होऊ देत नाही. आर्सेनिक त्या प्रथिनाला चिकटतं आणि पेशी त्याला मोडीत काढते. २०१३ मध्ये इटली आणि जर्मनीतल्या रुग्णांच्या चाचणीत व्हिटॅमिन-ए पासून बनलेल्या औषधासोबत आर्सेनिक दिलेल्या गटात दोन वर्षांनंतर ९७ टक्के रुग्ण आजार न उलटता सुखरूप होते. त्याच औषधासोबत नेहमीची केमो दिलेल्या गटात ८६ टक्के. पूर्वी हा आजार काही आठवड्यांतच रक्तस्रावाने जीव घेई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तर महागडी औषधं न परवडणाऱ्या रुग्णांना फक्त आर्सेनिक देऊन त्याचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

हार्बिनमध्ये काय झालं ते पुन्हा पाहा. तीनांतले दोन घटक फेकून दिले. परंपरेतलं दोन तृतीयांश टाकून द्यायची तयारी होती म्हणून उरलेलं एक तृतीयांश जगाला मिळालं. आपल्याकडे नेमकी ही तयारी कमी पडते. आपल्याला आपलं सगळंच बरोबर निघायला हवं असतं.

मिश्रण तसंच ठेवूनही चाचणी करता येते, हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात युंग-ची चेंग यांच्या गटाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा, चार वनस्पतींचा एक चिनी काढा घेतला. जुन्या ग्रंथात तो जुलाब-पोटदुखीसाठी सांगितला आहे. इरिनोटेकॅन दिलेल्या उंदरांत या काढ्याने आतड्याचं अस्तर लवकर भरून आलं आणि गाठीवरचा परिणामही कमी झाला नाही. माणसांवर छोट्या चाचण्या झाल्या, मान्यताप्राप्त औषध म्हणून तो अजून आलेला नाही. पण दिशा मला फार खरी वाटते. परंपरेला जे दिसत होतं, म्हणजे पोट, तिथेच तिचा शब्द आधी तपासला गेला. प्रत्येक खेपेचा काढा सारखाच उतरतो ना, हेही रसायनशास्त्राने पारखून घेतलं.

मग लोक पुड्याकडे का वळतात? मूर्खपणामुळे नव्हे. केमोचा खर्च, भीती, गळणारे केस, दोन मिनिटांत आटोपणारी डॉक्टरांची भेट. पुडा आणणारा माणूस मात्र तासभर शेजारी बसतो. शिवाय एक तक्रार खरीही आहे: निसर्गात सापडलेल्या जुन्या पदार्थावर पेटंटचं संरक्षण नीट मिळत नाही, म्हणून कंपन्यांना त्याच्या चाचण्यांत रस नसतो. कॅम्प्टोथेसिन १९७२ नंतर इतकी वर्षं पडून राहिलं यात सगळा दोष विज्ञानाच्या अवघडपणाचा नव्हता, उत्साह आणि पैसाही आटला होता. त्यावर उपाय म्हणजे चाचणी टाळणं नव्हे. उपाय आहे सार्वजनिक पैशाने चाचणी करणं. सरकारने वनौषधींच्या जाहिरातींवर अभिमान खर्च करण्याऐवजी चांगल्या चाचण्यांवर पैसा खर्च करावा, आणि निष्कर्ष नकारार्थी आला तरी तो छापावा. 'कंपन्या झाडपाला दाबून ठेवतात' हा दुसरा आरोप मात्र टिकत नाही. झाडात खरंच काही सापडलं की कंपन्या त्यावर तुटून पडतात. उशिरा का होईना, शी-शूचं तेच झालं.

आणि पर्यायी उपचारांची किंमत किती, तेही मोजलं गेलं आहे. येलच्याच संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बरा होण्याजोगा कर्करोग असताना फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट होता, स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून जास्त. आपल्याकडे कर्करोग बरा करण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. हा कायदा जवळपास झोपलेला आहे. तो जागा करणं हे अन्न व औषध प्रशासनाचं काम आहे, आणि ते करा म्हणून मागे लागणं आपलं. वर्तमानपत्रांनीही 'अमुक वनस्पतीने कर्करोगाच्या पेशी मारल्या' अशी बातमी देताना त्या पेशी काचेच्या ताटलीत होत्या की माणसात, हे मथळ्यातच सांगावं. ताटलीतल्या पेशी मीठ टाकूनही मरतात.

सह्याद्रीतल्या ज्या झाडाचा मघाशी उल्लेख केला, ते म्हणजे नरक्या. फुलांच्या उग्र वासावरून हे नाव पडलं असं सांगतात. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोलीच्या सदाहरित जंगलात ते वाढतं. गोरेगावच्या, सिबा या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये त्यात कॅम्प्टोथेसिन असल्याचं दाखवलं, आणि आजही ते या रेणूचा एक भरघोस स्रोत मानलं जातं. याचा परिणाम काय झाला? चोरटी तोड. लाकडाचे तुकडे करून गाड्या भरून बाहेर गेल्या, आणि गाड्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचत राहिलो. रेणू शोधणारा माणूस खानदेशचा, झाड आपलं. त्यावरचं मौल्यवान काम मात्र परदेशात झालं आणि आपल्या वाट्याला खुंट आले. वनखात्याने आणि कृषी विद्यापीठांनी नरक्याची लागवड, बियाण्याची निवड, डोंगरातल्या शेतकऱ्याला हमीभाव, हे आजही हाती घ्यावं. परंपरेचा अभिमान दाखवायचाच असेल तर तो इथे दाखवता येईल.

आत्याच्या पुड्याचं पुढे काय झालं ते सांगतो. पुढच्या खेपेला मी तो डॉक्टरांना दाखवला. घाबरतच दाखवला, कारण ते रागावतील असं वाटत होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी पुडा उलटसुलट करून पाहिला, वनस्पतीचं नाव कुठे आहे का ते शोधलं. नव्हतं. मग त्यांनी आत्याला एका युरोपी वनस्पतीची गोष्ट सांगितली. उदासीवर घेतात ती सेंट जॉन्स वर्ट. ती घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात इरिनोटेकॅनच्या क्रियाशील रूपाचं प्रमाण ४२ टक्क्यांनी घटलं होतं, असं एका छोट्या अभ्यासात दिसलं होतं. "ताई, तुमच्या पुड्यात काय आहे मला ठाऊक नाही," ते म्हणाले, "तुमचं यकृत सध्या माझ्या औषधाच्या कामात आहे. त्याला दुसरं काम देऊ नका. आणि यापुढे जे काही घ्याल, काढा असो की अंगारा, ते आधी मला सांगा, मी ओरडणार नाही."

आत्याने पर्समधून आणखी दोन पुडे काढून टेबलावर ठेवले. मला त्यांचा पत्ताही नव्हता.